रेषेवरचे ठिपके

सरोजिनी नगर, नवी दिल्ली
२३ नोव्हेंबर २०२५

मामा,

पेपर स्वीकारला गेला. परिषद ११ ते १३ डिसेंबरला नोएडात आहे आणि माझं सादरीकरण शेवटच्या दिवशी सकाळी. आईनं फोनवर सांगितलंच असेल, पण कारखान्याशी संबंध असलेली कुठलीही गोष्ट लेखी कळवायची, हा तुमचा नियम. शिकायला तुमच्या प्लांटवर आले होते त्या उन्हाळ्यात मी तोंडी निरोपावर व्हॉल्व्ह उघडायला निघाले होते आणि तुम्ही मला सगळ्यांसमोर परत पाठवलं होतं. ते मी विसरलेले नाही.

परिषदेचं नाव लांबलचक आहे. विषय एवढाच की कारखाना संगणकाच्या मदतीनं असा चालवायचा की पाणी, वाफ, वीज कमी लागावी आणि घाण बाहेर जाऊ नये. माझा पेपर तुमच्या सांडपाण्यावर आहे. हे मामीलाही वाचून दाखवाल म्हणून सोपं करून लिहिते. रंगांची रसायनं बनवताना निघणारं खारट पाणी तुम्ही तळ्यात साठवता. तिथून ते इव्हॅपोरेटरमध्ये जातं, उकळतं, स्वच्छ पाणी पुन्हा वापरलं जातं आणि मागे मीठ उरतं. बाहेर थेंबही सोडायचा नाही. माझं मॉडेल सांगतं की हेच काम बरीच कमी वाफ वापरून होऊ शकतं. मुख्य आलेखात रेष मॉडेलची आहे आणि ठिपके तुमच्या मीटरांनी मोजलेले. सगळे ठिपके रेषेवर बसले आहेत. इतकं जुळलेलं काम आपण क्वचित पाहिलं, असं एका परीक्षकानं लिहिलं आहे.

सहलेखक केतन. तो पुण्याचा, नोएडातल्या ज्या सॉफ्टवेअर कंपनीनं माझं मॉडेल तुमच्या कंट्रोल रूममध्ये बसवलं तिथला. परिषदेनंतरच्या सोमवारी मी त्याच कंपनीत रुजू होणार आहे.

आभारांत पहिलं नाव तुमचं आहे. तुम्ही आकडे पाठवले नसते तर आलेखात नुसती रेष राहिली असती.

याल का? आई विचारते म्हणून नाही. मी विचारते आहे.

रेवती

&nbsp;

कारखान्याची कॉलनी
२८ नोव्हेंबर

चि. रेवती,

"मी विचारते आहे" हे तुझ्या मामीला दोनदा वाचून दाखवलं. सुमित्राबाईंचा निकाल असा की पोरीला खरंच यायला हवंय, नाहीतर ती कुणाला काही विचारते कशाला. तेव्हा येतो. गुरुवारी दुपारी पुण्याहून गाडी, शुक्रवारी दुपारी निजामुद्दीन. तुमच्याकडे, अशोकरावांच्या सरकारी क्वार्टरमध्ये उतरलो असतो, पण तिथे मी घोरलो तर शेजारचे सेक्शन ऑफिसर लेखी तक्रार करतील. कोपर्निकस मार्गावर, आपल्या राज्याच्या जुन्या सदनात, एका ओळखीच्या माणसानं खोली लावून दिली आहे. आईला सांग, लतिका, रागावू नको म्हणावं, जेवायला रोज येईन.

तुझ्या पेपरचा तुझ्यापेक्षा आमच्या साहेबांना जास्त आनंद झालाय. प्लांट दुप्पट करायचा आहे, त्याच्या परवानगीच्या अर्जाला तुझा पेपर जोडणार. "बाहेरच्या विद्वानांनी तपासलेलं" असं ते मीटिंगमध्ये म्हणाले. मी म्हटलं, साहेब, बाहेरची कसली, माझी भाची आहे. तर म्हणे, गुणवंतराव, हे कुणाला बोलू नका.

मामीला सरोजिनीच्या बाजारातून तीन कुर्ते हवेत. लेबल कापलेले चालतील, भाव करताना मात्र तू तोंड उघडायचं नाहीस, तुझ्या चेहऱ्याला कुणी दहा रुपये कमी करणार नाही असं ती म्हणते.

घरात सध्या एकच भांडण आहे. डाळ शिजत नाही. सहा शिट्ट्या झाल्या तरी दाणा टणक. मी दोन वाणी बदलले. ती म्हणते, आता काय बायको बदलणार का.

प्रश्नोत्तरांत मी हात वर करणार नाही, घाबरू नकोस. शेवटच्या रांगेत बसेन.

तुझा
मामा

&nbsp;

नोएडा
११ डिसेंबर

मामा,

जेवणाच्या सुटीत फोनवर लिहिते आहे. गाडीत बसण्याआधी वाचा.

सकाळपासून मी सिमेंट, साखर, खत आणि कागद, सगळ्या कारखान्यांबद्दल ऐकलं. सगळ्यांच्या आलेखांत ठिपके विखुरलेले होते, काही रेषेच्या वर, काही खाली. एखादा इतका लांब की बोलणारा स्वतःच हसला आणि म्हणाला, त्या दिवशी मीटरला काय झालं होतं देव जाणे. सभागृहही हसलं. या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं की कुठलंही मीटर थोडं चुकतं आणि दोन मीटर कधीही एकच गोष्ट सांगत नाहीत.

मला हसू आलं नाही. माझ्या आलेखात असा एकही ठिपका नाही.

मी मागच्या रांगेत जाऊन लॅपटॉप उघडला आणि एक साधी वजाबाकी केली. तळ्यात येणारं पाणी, वजा तळ्यातून इव्हॅपोरेटरकडे जाणारं पाणी, पातळीतला फरक धरून. तुम्ही पाठवलेल्या सगळ्या महिन्यांसाठी, दर तासाला. उत्तर शून्य येतं. शून्याच्या जवळपास नाही. शून्य.

चालत्या कारखान्यात असं होत नाही. हे मला पहिल्या वर्षी शिकवलेलं आहे. तरीही गेले कित्येक महिने या आकड्यांकडे बघून मला फक्त बरं वाटत होतं.

केतनला विचारलं. तो म्हणाला, डेटा प्लांटकडून आलाय, मामांनाच विचार ना. मग तो मला त्याच्या बॉसला भेटवायला घेऊन गेला आणि आम्ही माझ्या बसण्याच्या जागेबद्दल बोललो.

म्हणून तुम्हाला विचारते. इव्हॅपोरेटरच्या तोंडाशी असलेल्या मीटरचे आकडे कुणी दुरुस्त केले आहेत का? केले असतील तर मूळ आकडे कुठे आहेत? उद्या भेटणारच आहोत, तरी उत्तर लेखी द्या.

रेवती

&nbsp;

सरोजिनी नगर
१२ डिसेंबर

मामा,

गाडी आली. तुम्ही उतरला नाहीत. डबा पूर्ण रिकामा होईपर्यंत मी फलाटावर थांबले. तुमचा फोन बंद होता. मग वाटलं, चुकामूक होऊन तुम्ही परस्पर गेला असाल, म्हणून कोपर्निकस मार्गावर गेले. काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, गुणवंतरावांची खोली सकाळपासून लावून ठेवलीय, कुणी आलं नाही. ताई, आलाच आहात तर जेवून जा, आज पिठलं आहे. मी जेवले नाही.

मामीला फोन केला. "ते कामावर आहेत," एवढं बोलून तिनं ठेवला. म्हणजे तुम्ही सुखरूप आहात, घरी आहात आणि माझं पत्र तुम्ही वाचलं आहे.

मी यातून एकच निष्कर्ष काढू शकते. आकडे बनवलेले आहेत, तुम्हाला ते माहीत होतं, आणि माझ्यासमोर बसून सांगणं तुम्हाला जमलं नसतं. साहेबांच्या सांगण्यावरून केलं असेल किंवा माझं भलं व्हावं म्हणून. कारणानं आकड्यांत फरक पडत नाही. आभारांतून तुमचं नाव काढलं आहे.

उद्या काय बोलायचं ते ठरलेलं नाही. केतन म्हणतो, आहे तसं सादर कर. कुणी विचारलंच तर प्लांटची माहिती गोपनीय आहे म्हण. हे उत्तर चालतं. आज मी ते दोन वक्त्यांच्या तोंडून ऐकलं आणि पुढे कुणी काही विचारलं नाही.

मामीचे कुर्ते घेतले आहेत. आईकडे ठेवते.

रेवती

&nbsp;

कॉलनी
१३ डिसेंबर, सकाळ

रेवती,

हे मामीच्या फोनवरून लिहितो आहे. काल दिवसभर माझा फोन गेटवर जमा होता. पेट घेणाऱ्या सॉल्व्हंटच्या भागात फोन नेत नाहीत, तुला माहीत आहे. संध्याकाळी तो साहेबांनी ठेवून घेतला.

तुझं पत्र पुणे स्टेशनवर वाचलं. गाडी लागली होती. आकडे कुणी दुरुस्त केलेले नाहीत, असं उत्तर लिहायला घेतलं आणि हात थांबला. मी बघितलंय का? नाही. म्हणून परत फिरलो. तुला तेवढं तरी कळवायला हवं होतं. पण बघितल्याशिवाय लिहायचं काय, ते सुचेना.

काल सकाळी अविनाशला, आमच्या इन्स्ट्रुमेंटच्या माणसाला, घेऊन पाइपांवर चढलो. इव्हॅपोरेटरच्या तोंडाशी मीटर नाही. बिघडलंय असं नव्हे. नाहीच. तिथे साध्या पाइपचा तुकडा आहे, दोन्हीकडून बोल्ट मारलेला, वर हिरवा रंग दिलेला. रंगसुद्धा उडायला लागलाय.

अविनाशनं बोल्टवरची धूळ पुसली. मग म्हणाला, हे गेल्या वर्षी पावसाळ्याआधी दुरुस्तीला गेलं होतं. मी विचारलं, परत का नाही आलं? तर म्हणाला, "स्क्रीनवर आकडा येतच होता, साहेब. मग मागितलं नाही कुणी."

मीही नाही मागितलं. रोज सकाळी त्या आकड्याखाली मी सही करतो.

खाली येऊन स्क्रीनसमोर उभा राहिलो. आकडा बदलत होता, दोन दशांश स्थळांपर्यंत. जे मीटर तिथे नाही त्याचा. इतकी वर्षं प्लांटमध्ये काढली, आग बघितली, गॅस बघितला. पण असं काही कधी बघितलं नव्हतं.

अविनाशनं सॉफ्टवेअरच्या आत जाऊन शोधलं. केतनच्या कंपनीनं अशी सोय करून ठेवली आहे की मीटर बंद पडलं तर तुझं मॉडेल हिशेब जुळेल असा आकडा काढतं आणि त्या जागी भरतं. खऱ्या आकड्याचा रंग हिरवा, याचाही हिरवा. म्हणजे तू ज्यांना ठिपके म्हणतेस ना, ती तुझीच रेष आहे.

पुढचं लिहायला जड जातंय.

आम्ही जुन्या पद्धतीनं मोजलं. इव्हॅपोरेटरला जाणारं पाणी एका टाकीत वळवलं आणि टाकी भरायला किती वेळ लागतो ते पाहिलं. तीनदा केलं. स्क्रीन सांगते त्यापेक्षा पाणी कमी जातंय, जवळजवळ आठवा हिस्सा कमी. तळ्यात येणाऱ्या पाण्याचं मीटर शाबूत आहे, तेवढं पाणी येतंय. तळ्याची पातळी वाढत नाही. तळ्यातून दुसरा पाइप निघत नाही, आणि या थंडीत उन्हानं एवढं पाणी उडत नाही. मग आठवा हिस्सा जातो कुठे? खाली जातो. तळ्याचं प्लास्टिकचं अस्तर कुठेतरी फाटलंय.

तळ्याच्या उतारावर आमची कॉलनी आहे, तिच्या खाली वाडी. दोन्हीकडे बोअरचंच पाणी. मी घरी आलो, नळाचं पाणी पेल्यात घेतलं आणि क्षार मोजायचं पेन त्यात बुडवलं. मामी विचारत होती, काय करताय. पिण्याच्या पाण्याला चालतो त्यापेक्षा कितीतरी जास्त आकडा बघून पेन पुसलं, पुन्हा बुडवलं. तोच आकडा.

रेवती, डाळीसाठी मी दोन वाणी बदलले गं.

साहेबांना सगळं लेखी दिलं. ते म्हणाले, उद्या दिल्लीत पेपर होऊ दे, सोमवारी अर्ज जाऊ दे, मग अस्तराचं बघू. तोवर कॉलनीत बोलायचं नाही.

काय बोलायचं ते तू ठरव, मी सांगणार नाही. तुझी नोकरी त्यात आहे, माझीही. एकच सांगतो. आभार काढलेस ते बरोबर केलंस. नाव मात्र काढू नकोस. त्या आकड्यांखाली ज्याची सही आहे त्याचं नाव तिथे असायला हवं.

मामा

&nbsp;

कॉलनी
१४ डिसेंबर

रेवती,

काल तुझ्याकडून काही आलं नाही. तू फोन घेत नाहीस असं लतिका म्हणाली. म्हणून इथे काय झालं तेवढं कळवतो.

दुपारी साहेब घरी आले. आजवर कधी आले नव्हते. चप्पलही न काढता दारात उभे राहिले आणि म्हणाले, "तुमची भाची तिथे काय बोलली?" मी म्हटलं, मला माहीत नाही. त्यांना ते खोटं वाटलं. नोएडाहून कुणीतरी त्यांच्या फोनवर काहीतरी पाठवलं होतं, ते त्यांनी मला दाखवलं नाही. सोमवारी गेटवर येऊ नका, एवढं सांगून गेले.

ते गेल्यावर मी बोअरचा पंप बंद केला आणि कॉलनीत दारोदार सांगितलं, हे पाणी पिऊ नका. मामी बरोबर आली. वाडीवर मी बोललो असतो तर लोकांना वाटलं असतं, कंपनीचा माणूस काहीतरी डाव करतोय. तिथे मामी बोलली, तिचं लोकांनी ऐकलं. शेवंता म्हणून एक बाई आहे, आमच्याकडे भाजी आणते. तिची सून बाळंत होऊन महिनाही झालेला नाही. सून आतून बाहेर आली, बाळ खांद्यावर, आणि मला विचारलं, "किती दिवसांपासून?"

 मीटर काढलं तेव्हापासून की अस्तर त्याच्याही आधी फाटलंय, हे कुणी मोजलेलंच नाही. मी तिला तसंच सांगितलं. ती आत गेली आणि पाण्याचा हंडा उचलून बाहेर आणून ओतला. त्याचा ओहोळ आमच्या पायांपर्यंत आला.

टँकर संध्याकाळी आला. कॉलनीतल्या पोरांनी पैसे गोळा करून बोलावला.

तू काय बोललीस ते लिही.

मामा

&nbsp;

सरोजिनी नगर
१४ डिसेंबर

मामा,

आधी शुक्रवारच्या पत्राबद्दल. आकडे बनवल्याचा आरोप मी तुमच्यावर केला. पुरावा माझ्याकडे नव्हता. तुमची रिकामी खोली होती, आणि तिच्यावरून मी पूर्ण निष्कर्ष काढला. मॉडेलनंही हेच केलं, मीटर नव्हतं तिथे जुळेल ते भरलं. हे मला काल दिवसभर दिसत राहिलं, म्हणून फोन घेतला नाही. मला क्षमा करा.

तुमचं पत्र मी मेट्रोत, ब्लू लाइनवर वाचलं आणि माझं स्टेशन मागे गेलं. उलट दिशेची गाडी पकडून सभागृहापाशी पोचले तर केतन जिन्यात वाट बघत होता. मी त्याला सरळ विचारलं. त्यानं नाकारलं नाही.

"अगं, रिकाम्या जागा भरणं हेच तर आपलं प्रॉडक्ट आहे. मॅन्युअलमध्ये लिहिलंय."

"मॅन्युअल प्लांटवर कुणी वाचलं?"

"ते मी कसं सांगू यार?" मग माझा चेहरा बघून समजूत घालायला लागला. "हे बघ, तुझं मॉडेल इतकं चांगलं आहे की कुणाला फरकच कळला नाही. ही तर कौतुकाची गोष्ट आहे ना?"

तो मनापासून बोलत होता. मला धक्का बसला तो याचा. मी त्याला पाण्याचं सांगितलं. तो म्हणाला, अस्तर हा सिव्हिलचा विषय आहे.

माझी पाळी आली. मी आलेख बदलला नाही, आहे तोच दाखवला. लोकांनी कौतुकानं माना डोलावल्या. दिसतोच तो तसा सुरेख. मग मी म्हटलं, यातली रेष माझ्या मॉडेलची आहे आणि ठिपकेही माझ्याच मॉडेलचे आहेत. पहिला ठिपका पडला त्याआधीच तिथलं मीटर काढून नेलेलं होतं. त्यामुळे तळं गळतंय हे कुणाला दिसलं नाही आणि माणसं ते पाणी पीत आहेत. हा पेपर मी मागे घेते.

तुमचं नाव आणि हुद्दा शेवटच्या स्लाइडवर होता, आभारांशिवाय. त्याखाली माझं.

माझा बराच वेळ शिल्लक होता. अध्यक्षांनी सवयीनं विचारलं, काही प्रश्न? मागून एकानं विचारलं, मग तुमचं मॉडेल या प्लांटबद्दल नक्की काय सांगतं? मी म्हटलं, काहीच नाही. टाळ्या वाजवायच्या की नाही ते कुणाला कळेना. मी लॅपटॉप उचलून खाली आले. केतनची खुर्ची रिकामी होती. दुपारी त्याच्या कंपनीचा मेल आला, सोमवारी येण्याची आवश्यकता नाही. म्हणजे सोमवारी आपल्या दोघांनाही कुठे जायचं नाही.

मी मात्र निघते आहे. उद्याच्या गाडीचं तिकीट मिळालं. बाबाही येत आहेत, रजा न विचारता, जे त्यांनी आजवर केलेलं नाही. प्रदूषण मंडळाला तक्रार पाठवली आहे, प्रत जोडते. त्यात तुमच्या मोजमापाचा उल्लेख आहे, हरकत असेल तर आजच कळवा. तोवर कॉलनीतल्या आणि वाडीतल्या प्रत्येक बोअरचं पाणी वेगवेगळ्या स्वच्छ बाटल्यांत भरून ठेवा, बाटलीवर जागा आणि तारीख लिहा. त्या सुनेच्या प्रश्नाचं उत्तर देता येईल की नाही, मला माहीत नाही. जमिनीत किती दूरवर पोचलंय त्यावरून थोडा अंदाज बांधता येतो. तो अंदाज आहे हे तिला आधी सांगेन.

आणखी एक सांगायचं आहे. ते मी आईलाही सांगितलेलं नाही.

चहाच्या सुटीत मला वाटलं होतं, लोक मला टाळतील. किंवा कुणीतरी येऊन खडसावेल. तसं काही झालं नाही. खत कारखान्याची एक बाई जवळ आली आणि हळूच विचारलं, तुम्हाला कसं कळलं? मी म्हटलं, वजाबाकी केली. तिनं कप तिथेच ठेवला आणि ती बाहेर गेली. मग साखरेचा माणूस आला, त्यानंही तेच विचारलं. ठिपक्यावरून सभागृहाला हसवणारा तोही आला.

मी बाहेर गॅलरीत आले तर तिथे रांगेनं माणसं उभी होती. ओळखपत्रं गळ्यात, पाठ एकमेकांकडे, फोन कानाला. हिंदीत, गुजरातीत, तमिळमध्ये, जो तो आपापल्या कारखान्याशी बोलत होता. मला सगळ्या भाषा कळल्या नाहीत. पण प्रत्येकजण कुणालातरी वर चढून मीटर जागेवर आहे का ते बघायला सांगत होता, एवढं कळत होतं. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

माझ्या अगदी शेजारी उभा असलेला माणूस पलीकडून येणारं उत्तर ऐकत होता. मग त्यानं कठड्यावर हात टेकला.

"नहीं दिख रहा मतलब?" तो म्हणाला. "ठीक से देखो."

रेवती